विनाकारण

संपादकांनी फोनवर सांगितलं, 'ताई, जरा प्रेरणादायी लिहा. दिवाळीत वाचकांना जड होईल असं नको.' त्यांची अडचण मला कळते. चकली तोंडात असताना मोडलेल्या हातांबद्दल वाचायला कुणाला बरं वाटेल? पण मी अठरा वर्षं जालन्यातल्या एका महिला समुपदेशन केंद्रात खुर्ची उबवली, आणि प्रेरणा घेऊन कुणी बाई तिथं आलेली मला आठवत नाही. त्या एसटीनं यायच्या, काखेत पोर घेऊन, आणि बसायच्या आधी दाराकडे बघायच्या, कुणी मागे आलंय का म्हणून. त्यामुळे संपादकांनी सांभाळून घ्यावं.

कागदावर पाहिलं तर मार खाणाऱ्या बाईइतकी श्रीमंत बाई जिल्ह्यात दुसरी नाही. तिच्यासाठी हेल्पलाइन आहे, संरक्षण अधिकारी आहे, आमच्यासारखं केंद्र आहे, राहायला निवारागृह आहे, फुकट वकील आहे, सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी आहे. हे सगळं एकाच ठिकाणी मिळावं म्हणून निघालेल्या केंद्राला वन स्टॉप म्हणतात. स्टॉप एकच, हे खरं. फक्त कुंभार पिंपळगावकडच्या बाईला त्या एका स्टॉपापर्यंत यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि घरी सांगावं लागतं की दाताच्या डॉक्टरकडे चालले. काहींचा दात खरोखरच पडलेला असायचा, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप तरी लागत नसे.

यातलं माझं काम समुपदेशनाचं. पुष्कळांना वाटतं, उपदेश म्हणजे उपदेश आणि सम म्हणजे दोघांना सारखा. नवऱ्याला 'मारू नको', बायकोला 'उलट बोलू नको', झालं समसमान. खरं काम वेगळं आहे. बाईचं सगळं ऐकायचं, तिला काय हवंय ते तिलाच विचारायचं, आणि कायद्यात तिच्यासाठी काय काय आहे ते तिला कळेल असं सांगायचं. कोर्टात जायचं म्हणाली तर घरगुती घटना अहवाल भरायचा. हा छापील नमुना असतो. कुणी, कुठं, कधी, कशानं मारलं याचे त्यात रकाने असतात. तो न्यायाधीशांपुढे गेला की आदेश मिळू शकतो: मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही, वेळ पडली तर मारणाऱ्यानंच घर सोडायचं. आणि कोर्ट नको, नुसती समज द्या म्हणाली, तर दोन्हीकडच्यांना बोलावून तडजोड लिहून घ्यायची. बहुतेक बायका हेच म्हणायच्या, किंवा आम्ही त्यांना ते म्हणण्यापर्यंत आणून सोडायचो. महिन्याच्या अहवालात तडजोड झाली की आम्ही 'यशस्वी' लिहायचो आणि बाई कोर्टात गेली की 'प्रलंबित'. साहेबांना प्रलंबित आवडत नसे, आणि मला साहेबांची नाराजी आवडत नसे.

आमच्याकडे येणारी मंडळी सगळ्या थरांतली होती, आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच असायचं, 'आमच्यात असलं नसतं.' राजस्थानातून येऊन पिढ्यान् पिढ्या जालन्यात पेढी चालवणारे एक सासरे म्हणाले, आमच्यात असलं नसतं. सून शेजारी बसून उजवा डोळा पदरानं झाकत होती. माझं माहेर मंठ्याचं, आम्ही बौद्ध, वडील शाळामास्तर. आमच्याच नात्यातले एक प्राध्यापक आले. त्यांना घटनेची प्रास्ताविका तोंडपाठ. तेही म्हणाले, आपल्यात असलं नसतं. मार खाणारी बायको दारू पिणाऱ्याचीच असते, खेड्यातलीच असते, दुसऱ्या जातीचीच असते. असं सगळ्यांनी वाटून घेतल्यावर माझ्यासमोर बसलेली ही कुणाची, असा प्रश्न मला रोज पडायचा.

तर तडजोडीचा कागद. केंद्र सुरू झालं तेव्हा आमच्याकडे त्याचा नमुनाच नव्हता. कचेरीच्या बाहेर लिंबाखाली एक अर्जनवीस टाइपरायटर घेऊन बसायचे. निजामाच्या काळापासून त्यांच्या घरात हाच धंदा, त्यांची भाषा म्हणजे चिरेबंदी. त्यांच्याकडून मी मसुदा करून घेतला: 'मी लिहून देणार, माझ्या राजीखुशीनं लिहून देतो की, यापुढे पत्नीस विनाकारण मारहाण, शिवीगाळ अगर मानसिक त्रास देणार नाही व तिला सुखाने नांदवीन.' खाली नवऱ्याची सही, बायकोची सही, दोन साक्षीदार, आणि समक्ष म्हणून माझी. वाचायला भारदस्त वाटायचा. पुढं टाइपरायटर गेला, संगणक आला, मजकूर तोच राहिला. पुस्तकं वाचणारी बाई म्हणून घरात माझा लौकिक आहे.

कांता पहिल्यांदा आली ती भावाबरोबर. तिचं माहेर वडीगोद्रीचं. भावाचं हायवेलगत पंक्चरचं दुकान आणि मागं दोन खोल्या. सासर कुंभार पिंपळगावच्या जवळचं एक खेडं. नवरा भास्कर, त्याचं बाजारात बी-बियाणं आणि खताचं दुकान. सहा वर्षांची मुलगी, ईश्वरी. कांता नववीपर्यंत शिकलेली, बोलायला नेमकी. काय हवंय असं मी विचारलं तेव्हा तिनं एका दमात सांगितलं. 'मला घर सोडायचं न्हाई मॅडम. दहा वर्षं मी उभं केलंय ते. पोरीची शाळा तिथंच हाय. नुसता मार थांबला पाह्यजे.'

इतकं सोपं मागणं माझ्यासमोर क्वचितच कुणी ठेवलं असेल. घर राहावं, मार जावा. कायद्यात यासाठीच आदेश आहेत, हे मी तिला सांगितलंही. पण ते मी असं सांगितलं, की कोर्ट म्हणजे तारखा, वकील, गावात बोभाटा. त्यापेक्षा आधी एकदा बोलून बघू. निवड तिची होती, फक्त ती मी आधीच करून ठेवली होती.

बैठकीला सासरची जीपभर माणसं आली. सासरे, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. गाव तंटामुक्त झालेलं होतं. तंटा कुठंतरी ठेवायचाच, तो घरात ठेवला होता. बोलले तेच. सासू कौसाबाई दाराजवळ जमिनीवर बसल्या आणि सुनेची जीभ लांब आहे एवढं एकच वाक्य बोलल्या. आणि भास्कर. इस्त्रीचा सदरा, हळू आवाज, सुपारीसुद्धा खात नाही. आमच्या धंद्यात दारू न पिणारा नवरा समोर आला की माणूस पाघळतं. दारू नाही ना, मग सुधारेल, असं आमचं शास्त्र. त्याला पिऊन मारायची गरज पडत नव्हती, शुद्धीवरही जमत होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यानं कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मधे एकदा थांबून परत वाचला. वाचून सही करणारा नवरा मला पहिल्यांदाच भेटत होता, आणि माझ्या मनात आलं, किती जबाबदार माणूस. कागद मग सगळ्या पुरुषांच्या हातांतून फिरला. कांतापुढे आला तेव्हा मजकुरावर तिच्या भावाचा पंजा होता आणि बोट खालच्या रेघेवर. 'इथं कर,' भाऊ म्हणाला. तिनं केली. वाचायला तिला कुणी दिला नाही, मीही नाही. भास्कर निघताना माझ्या पाया पडला. त्या महिन्यात आम्ही तिला 'यशस्वी' लिहिलं.

चार महिन्यांनी ती एकटी आली, म्हणजे ईश्वरीला घेऊन. डावा हात प्लास्टरमध्ये. उजव्या हातात पिशवी, आणि पिशवीत तोच कागद, लॅमिनेशन केलेला, वर दोरी ओवायला भोक पाडलेला. तिनं तो माझ्या टेबलावर ठेवला आणि एका शब्दावर बोट टेकवलं.

'मॅडम, विनाकारण म्हंजी काय?'

मी म्हटलं, 'कारण नसताना.'

'मंग कारण असल्यावर चालतंय का?'

मी कागद ओढून घेतला. अठरा वर्षांतल्या कितीतरी दुपारी मी ती ओळ नवऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती, खणखणीत आवाजात. त्या दिवशी मी ती पहिल्यांदा वाचली.

भास्करनं तो कागद बाजारातून लॅमिनेट करून आणला होता आणि स्वयंपाकघरात, कॅलेंडरशेजारी टांगला होता. माणूस शिस्तीचा. रागाच्या भरात हात उचलणं त्यानं खरंच बंद केलं. आता तो तिला कागदासमोर उभी करायचा आणि कारण सांगायचा. भाजीत मीठ जास्त. फोन दोनदा वाजला, उचलला नाही. पोरीला गणितात कमी. कारण सांगून झालं की विचारायचा, हे कारण हाय का न्हाई? तिनं हाय म्हटल्याशिवाय पुढं जायचा नाही. हाय म्हटलं की मग.

'आधी मारायचे तव्हा मनातल्या मनात शिव्या तरी द्यायचे मी,' कांता म्हणाली. 'आता मलाच कबूल करावं लागून राह्यलंय.'

ईश्वरी टेबलावरचा शिक्का उघडझाप करून बघत होती. मला लाज वाटली. नोकरीत चूक होते, माणूस हळहळतं, ते वेगळं. ही लाज होती, मान वर करता न येणारी. त्या बाईच्या घरात मी स्वतःच्या सहीनं परवाना टांगून दिला होता.

ती तपासणीला दवाखान्यात गेली तेव्हा मी लिंबाखाली गेले. अर्जनवीस आता संगणकवाल्या पुतण्याच्या शेजारी नुसते बसलेले असतात. हा शब्द आला कुठून, मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसून कागद पाहिला आणि ओळखीचं माणूस भेटावं तसे हसले. 'बांधाच्या भांडणाचा मसुदा हाय हा, मॅडम. दोन शेजाऱ्यांत करतेत तो. विनाकारण बांध कोरणार न्हाई, विनाकारण हरकत घेणार न्हाई. तुम्हीच आल्त्या न्हवं, जल्दी पाह्यजे म्हणून? मंग त्याच्यातच बदल करून दिल्ता.'

बांध काढून बाई घातली होती, आणि घाई माझी होती. बांधाला ते ठीक आहे. शेजाऱ्याकडे हरकत घ्यायला कधी कधी खरंच कारण असतं. या शब्दावर इतक्या वर्षांत ना साहेबांची नजर अडकली, ना वकिलांची, ना माझी. अडकली ती दोघांची. एकानं सही करण्याआधी वाचलं आणि दुसरीनं मार खाऊन वाचलं.

जुन्या फायली मी काढल्या. सगळीकडे तोच शब्द. आठवडाभर मी फोन करत बसले. काही नंबर बंद होते. काही नवऱ्यांनी उचलले आणि कोण बोलतंय विचारल्यावर मी राँग नंबर म्हणून ठेवून दिले. काही बायका 'बरं चाललंय' म्हणाल्या, शेजारी कुणी उभं असताना म्हणतात तसं. ज्या परत आल्या नाहीत त्या सुखानं नांदतायत, असा आमचा हिशोब होता. यायचा रस्ता मीच बंद केला असेल, ही शक्यता त्यात धरलेली नव्हती. त्यातल्या किती घरांत काय झालं ते मला आजही माहीत नाही, आणि ते माझ्याबरोबरच जाईल.

मजकूर बदलावा म्हणून वर पत्र लिहिलं. उत्तर आलं, की मान्यताप्राप्त नमुन्यात परस्पर बदल करू नये. बांधाचा मसुदा मान्यताप्राप्त कधी झाला ते मला कळलं नाही; पुष्कळ वर्षं चुकत राहिलं की मान्यता आपोआप मिळत असावी. मग मी प्रत्येक कागदावर तो शब्द लाल पेनानं खोडायची आणि बाजूला छोटी सही करायची. पुढच्या तपासणीत शेरा मिळाला: खाडाखोड टाळावी.

या वेळी कांताला मी बोलून बघू म्हटलं नाही. घरगुती घटना अहवाल भरायला बसलो. भास्करनं तिला प्रत्येक कारण इतकं नीट सांगितलेलं होतं की तिला सगळ्या तारखा आणि वार पाठ होते. फुकटची वकील मिळाली ती पोरसवदा मुलगी होती, चांगली निघाली. निकाल लागेपर्यंत कांता आणि ईश्वरी निवारागृहात राहिल्या. तिथं राहायला, खायला मिळतं आणि सुरक्षितही असतं. फक्त दाराला कुलूप आणि बाहेर जायला परवानगी लागते, त्यामुळे मारणारा मोकळा फिरतो आणि मार खाणारी कुलपात राहते, असं थोडं उलटं चित्र दिसतं. ईश्वरीची शाळा बुडाली. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रयत्न सगळ्यांनीच केला.

भास्करच्या वकिलांनी तो लॅमिनेट केलेला कागद कोर्टात ठेवला. मला साक्षीला उभं राहायचं होतं. माझ्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने होते, आणि केंद्रातल्या सहकाऱ्यांनी जिव्हाळ्यानं सल्ला दिला होता, टंकलेखनातली चूक म्हणून सांगा, कुणाचं काही बिघडत नाही.

'हा मजकूर आपल्या केंद्रानं केला?' वकिलांनी विचारलं.

'मी केला.'

'म्हणजे कारण असल्यास मारहाण चालते, असं आपल्या केंद्राचं मत आहे?'

'तसं लिहिलं गेलं. लिहिणारी चुकली, आणि ती मी आहे.'

'कारण असतानाही मारू नये, असं यात कुठं लिहिलंय?'

'यात नाही,' मी म्हटलं. 'कायद्यात आहे.'

वकील पुढं काही विचारणार, एवढ्यात न्यायाधीश मॅडमनी भास्करकडे पाहून सरळ विचारलं, तुम्ही पत्नीवर हात उचलला आहे का? भास्कर उभा राहिला, सदरा नीट केला आणि अभिमानानं म्हणाला, 'कारणाशिवाय कधीच न्हाई मॅडम.' त्याच्या वकिलांनी फाइल मिटली. साक्षीत दिलेल्या कबुलीबद्दल मला पुढं खात्याची नोटीस आली. तिला मी उत्तर दिलं, आणि ते उत्तर अजून प्रलंबित आहे.

आदेश झाला. कांताला कोणत्याही कारणावरून मारहाण करायची नाही. तिला आणि मुलीला घरातून काढायचं नाही. भास्करनं घर सोडून दुसरीकडे राहायचं. बजावणीला संरक्षण अधिकारी मॅडम आणि दोन पोलीस निघाले. माझी ड्युटी नव्हती, पण कांता म्हणाली, तुम्ही या, म्हणून तिच्या आणि ईश्वरीच्या शेजारी मीही जीपमध्ये बसले. सकाळची वेळ होती. अण्णा ओसरीवर खुर्चीत बसले होते, पायात चपला, म्हणजे तंटामुक्तीच्या बैठकीला निघाल्यासारखे. भास्कर आत बॅग भरत होता. दुकानाच्या मागच्या खोलीत राहणार म्हणाला. कौसाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. कोर्टात त्यांनी मुलाच्याच बाजूनं सांगितलं होतं, त्यामुळे आता शिव्या ऐकायच्या, अशा तयारीनं मी उभी राहिले.

हवालदारांनी आदेश मोठ्यानं वाचला. वाचून घडी घालायला लागले तेव्हा कौसाबाई म्हणाल्या, 'ते मारायचं न्हाई म्हणलेलं परत वाचा.' त्यांनी परत वाचलं. कौसाबाईंनी पदर सारखा केला आणि संरक्षण अधिकारी मॅडमना विचारलं, 'ह्यात सासू बसती का?'

अण्णा खुर्चीतून न उठता म्हणाले, 'आत जा.'

त्या आत गेल्या नाहीत. मॅडमनी सांगितलं, बसते, घरातली कुठलीही बाई बसते. ईश्वरी तोवर धावत आत गेली होती. कांतानं बाज ओढून अंगणात टाकली, सासूला बसवलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली. मी पिशवीतून अहवालाचा कोरा नमुना काढला.

केव्हापासून, मी विचारलं. कौसाबाईंनी दाराकडे पाहिलं. भास्कर बॅग घेऊन तिथंच उभा होता.

'हा पोटात होता तव्हापून.'

पुढचा रकाना मारणाऱ्याच्या नावाचा. त्यांच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. अशा वेळी आम्ही शेजारपाजारच्यांकडून नाव विचारून लिहितो. म्हणून मी पेन धरून कांताकडे वळले. पण कौसाबाईंनी माझा हात धरून मला आपल्याकडे वळवलं आणि पन्नास वर्षांत न उच्चारलेलं नाव सांगितलं, पूर्ण, सासऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. ओसरीपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. मी लिहून घेतलं.